मदत हवी आहे: इथेरियम आणि सोलानाच्या स्पीडची तुलना नेमकी कशावर करायची?

नमस्कार मंडळी,

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट सर्टिफिकेट व्हेरिफिकेशनचा आहे, म्हणजे मार्कशीटचा हॅश (मजकुरावरून काढलेला डिजिटल ठसा) ब्लॉकचेनवर टाकायचा आणि कोणालाही तो तपासता आला पाहिजे. सरांनी सांगितलंय की इथेरियम आणि सोलाना या दोन ब्लॉकचेनपैकी कुठली घेताय ते आधी तुलना करून ठरवा आणि कारणं लिहून आणा. आता नेटवर जिथे जावं तिथे तोच तक्ता, इथेरियम सेकंदाला १५-२० ट्रान्झॅक्शन, सोलाना ६५,०००, झालं, सोलाना जिंकलं. हे मला अजिबात पटत नाहीये.

एक तर ६५,००० हा कागदावरच्या क्षमतेचा आकडा आहे, रोजच्या वापरात त्याच्या खूप खालीच असतं, आणि एक्सप्लोररवर (चेनवरचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) जे काही हजार दिसतात त्यातली बरीचशी व्हॅलिडेटर्सची (ब्लॉक तपासून मत देणारे संगणक) मतंच असतात, कारण सोलानावर प्रत्येक मत हेसुद्धा एक ट्रान्झॅक्शन म्हणूनच जातं. इथेरियममध्ये व्हॅलिडेटर मत देतात ते कन्सेन्सस लेयरवर (एकमत ठरवणारा वेगळा थर), ते या आकड्यात धरतच नाहीत. मग दोन्हीची तुलना होणार कशी? शिवाय इथेरियमने वेग वाढवायचं काम मुद्दामच रोलअप्सवर (बाहेर ट्रान्झॅक्शन चालवून डेटा इथेरियमवर ठेवणाऱ्या चेन) सोपवलंय, मार्च २०२४ च्या डेनकन अपग्रेडनंतर आर्बिट्रम, बेस वगैरे रोलअप्सवरची फी चांगलीच उतरली, ते या तक्त्यात कुठेच येत नाही.

म्हणून मी ठरवलं की ट्रान्झॅक्शन पक्कं व्हायला किती वेळ लागतो तेच मोजायचं. इथेरियमचा स्लॉट (एका ब्लॉकसाठी ठरलेला वेळ) १२ सेकंदांचा, ३२ स्लॉटचा एक इपॉक, आणि साधारण दोन इपॉक गेले की फायनल (आता मागे फिरणार नाही असं), म्हणजे १३ मिनिटांच्या आसपास. सोलानाचा स्लॉट ४०० मिलिसेकंदांचा, आणि फायनलाइज्ड व्हायला साधारण १३ सेकंद. इथपर्यंत ठीक आहे. पण मधल्या पायऱ्यांवर गाडी अडलीये. सोलानावर 'कन्फर्म्ड' आलं म्हणजे दोन तृतीयांश स्टेकची (व्हॅलिडेटर्सनी तारण म्हणून लावलेली नाणी) मतं त्या ब्लॉकला पडलेली असतात. इथेरियमवर 'लेटेस्ट' ब्लॉक विचारला तर त्या स्लॉटला फार तर व्हॅलिडेटर्सच्या बत्तिसाव्या हिश्श्याचं मत मिळणार, कारण सगळ्यांची मतं मिळून यायला पूर्ण इपॉक जातो. मग 'कन्फर्म्ड' समोर 'लेटेस्ट' ठेवणं चूक ना? 'सेफ' (लेटेस्ट आणि फायनलाइज्डच्या मधली पायरी) ठेवू का? की सरळ दोन्हीकडचं 'फायनलाइज्ड' घेऊन मोकळं व्हावं?

दुसरी अडचण डिझाइनची आहे आणि खरं तर मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. सोलानावर ट्रान्झॅक्शन कुठल्या अकाउंटला (चेनवरची डेटा ठेवायची जागा) हात लावणार ते आधीच सांगावं लागतं, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेली ट्रान्झॅक्शन एकाच वेळी चालतात. पण आमच्या प्रोग्राममध्ये एकूण किती सर्टिफिकेट झाली त्याचा एक काउंटर आहे, प्रत्येक नोंद त्याच अकाउंटवर लिहिते. म्हणजे सगळी एकामागून एकच चालणार आणि सोलानाचा मुख्य फायदाच हातचा जाणार, बरोबर ना? काउंटर काढून टाकून प्रत्येक सर्टिफिकेटला वेगळं पीडीए अकाउंट (प्रोग्रामच्याच ताब्यातलं) दिलं तर पुरेल का? ज्यांनी अँकर (सोलानावर प्रोग्राम लिहायचं फ्रेमवर्क) वापरून असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा, प्रत्येक अकाउंटसाठी रेंटचे (जागेसाठी ठेवावी लागणारी ठेव) सोल, म्हणजे सोलानाची नाणी, अडकून राहतात ते हजारो सर्टिफिकेटांना परवडतं का हेही.

नेटवर्क बंद पडण्याचा मुद्दाही मला तुलनेत घ्यायचाच आहे. ६ फेब्रुवारी २०२४ ला सोलानावर जवळपास पाच तास ब्लॉकच बनत नव्हते. इथेरियमवर मे २०२३ मध्ये दोनदा फायनॅलिटी अडकली होती, पण ब्लॉक मात्र बनतच राहिले. गडबड झाली तर एक थांबतं आणि दुसरं फायनल न होता का होईना पुढे चालत राहतं, हा फरक कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त बोलतो असं माझं मत आहे. ग्रुपमधल्या बाकीच्यांना मात्र हे विषयाबाहेरचं वाटतंय. तुम्हाला काय वाटतं?

शेवटचं, सेपोलिया (इथेरियमचं) आणि डेव्हनेट (सोलानाचं) या चाचणी नेटवर्कवर मोजलेले वेळ रिपोर्टमध्ये चालतील का? तिथे मेननेटसारखी (खरं नेटवर्क) गर्दी नसते, त्यामुळे मला भरवसा वाटत नाही. मेननेटवर स्वतःचे पैसे घालून मोजणं परवडणारं नाही. आरपीसीने (नेटवर्कमधल्या संगणकाकडून माहिती मागवायची पद्धत) जुने ब्लॉक वाचून ब्लॉकचा वेळ तर मिळतो, पण पाठवणाऱ्याने ट्रान्झॅक्शन कधी पाठवलं ते चेनवर नसतंच. यातून कोणी वाट काढली असेल तर कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे.