किल्ली कुणाकडे असते?

समाजमंदिर म्हणजे लग्न-बारशापुरती जागा, एरवी कुलूप, असं लोक म्हणतात ते बऱ्याच ठिकाणी खरं आहे. लातुरात आमच्या कॉलनीतलंही तसंच होतं. कुलूप निघालं २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा. टँकरच्या पाळ्यांची यादी करायला सावली हवी म्हणून हॉल उघडला. घागरी रांगेत लावून म्हातारी माणसं तिथंच टेकायला लागली, अन् पुढं पाऊस पडला तरी यायची थांबली नाहीत.

आता सकाळी पेपर, दुपारी बचत गट, संध्याकाळनंतर स्पर्धा परीक्षेची पोरं. एका खोलीत चौघं राहणाऱ्या खेड्यातल्या पोराला ती ट्यूबलाइट अन् पंखा फार मोठा आधार आहे, हे मी रोज बघतो. वीजबिलाला घरटी वर्गणी काढतो. पण हॉलच्या किल्लीबद्दल कुणीच बोलत नाही. आमच्याकडे ती आधी एका पुढाऱ्याच्या माणसाकडे असायची, हजार विनवण्या कराव्या लागत. आता हॉलसमोरच्या मावशींकडे आहे. रात्री नऊला त्या स्वतः चक्कर मारतात. मुली अभ्यासाला बसायला लागल्या त्या तेव्हापासून.