पोट न फाडता रॅटमध्ये स्ट्रेस इन्कॉन्टिनन्सचं मॉडेल: कितपत जमेल?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एम.फार्म.चा प्रोजेक्ट करायलोय, कॉलेज संभाजीनगरजवळ. बाळंतपणानंतर खोकलं-शिंकलं की लघवी गळते, त्या तक्रारीवर एका वनस्पतीच्या अर्काचा परिणाम बघायचा आहे. प्रोटोकॉलमध्ये युरेथ्रोलिसिस लिहिलं होतं, म्हणजे पोट उघडून मूत्रनळी भोवतालच्या उतीपासून सोडवायची. एथिक्स कमिटीनं फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) परत पाठवला. शेरा असा की यापेक्षा कमी इजेचं मॉडेल का घेतलं नाही ते लिहा.

विचारायचं हे: योनीत फुगा फुगवायची पद्धत चालेल का? लीक पॉइंट प्रेशर, म्हणजे किती दाबावर लघवी गळते ते मोजायला मूत्राच्या पिशवीत कॅथेटर (बारीक नळी) शिवायलाच लागतो का? आणि निस्तं पिंजऱ्याखाली फिल्टर पेपर ठेवून लघवीचे डाग मोजण्यावर भागेल का? आमच्याकडं सिरिंज पंप, दोन चॅनलचा रेकॉर्डर आणि आयसीयूत वापरतात तसला प्रेशर ट्रान्सड्यूसर आहे. सोनोग्राफी नाही. अर्क 28 दिवस द्यायचं ठरलंय.

बालाघाट_फार्मा

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. इजा कशी करायची हा एक प्रश्न, मोजायचं कसं हा दुसरा. कमिटी सहसा पहिल्यावर बोट ठेवते, पण जनावराला जास्त त्रास बऱ्याचदा दुसऱ्यातच होतो.

इजेसाठी फुगा बरोबर आहे. रॅटच्या पिल्लाचं डोकं जन्ममार्गाच्या मानानं लहान असतं, त्यामुळं नैसर्गिक बाळंतपणात बाईसारखी इजा होत नाही. ती फुग्यानं करावी लागते. न व्यालेल्या स्प्रॅग-डॉली (प्रयोगशाळेतल्या रॅटची एक जात) माद्या घ्या, 200 ते 250 ग्रॅम, सगळ्या एकाच वयाच्या. फोली कॅथेटर (टोकाजवळ फुगा असलेली नळी) 10 किंवा 12 फ्रेंचचा; फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप. फुग्याच्या पुढचं टोक कापून टाका, नाहीतर ते आत टोचतं आणि फुगा हवा तिथं बसत नाही. कापताना फुग्याची कड धरली तर कॅथेटर वाया गेला, म्हणून बाहेर फुगवून बघितल्याशिवाय वापरू नका. जेली लावून जाड होत जाणाऱ्या डायलेटरनं वाट सैल करायची, मग फुगा आत सारून 3 मिलि पाणी भरायचं आणि 4 तास ठेवायचं. हवा भरू नका, ती दाबली जाते आणि हळूहळू निसटते. सलाईनही नको, क्षार वाळून झडप अडकते. डिस्टिल्ड वॉटर भरा आणि काढताना तेवढंच परत येतंय का ते सिरिंजवर मोजा. 3 भरून 2.2 आलं तर त्या मादीत इजा किती झाली ते सांगता येत नाही, ती बाद.

फुगा बाहेर सरकतो म्हणून काही जण योनीच्या तोंडाशी टाका घालतात. कॅथेटर शेपटीच्या बुडाशी टेपनं धरला तरी चालतं. टेप गोल आवळून गुंडाळू नका, शेपटीचा रक्तपुरवठा अडतो.

शॅम गटालाही, म्हणजे खरी इजा न करता तुलनेसाठी ठेवलेल्या माद्यांनाही, तेवढाच वेळ भूल आणि तसाच कॅथेटर, फक्त फुगवायचा नाही. हा गट नसेल तर भुलीचा परिणाम कुठला आणि फुग्याचा कुठला, सांगता येणार नाही.

आता तुमचे 28 दिवस. ही इजा आपोआप भरून येते. लीक पॉइंट प्रेशर चौथ्या दिवशी स्पष्ट उतरलेलं असतं आणि दोनेक आठवड्यांत बरंचसं मूळपदावर येतं. अठ्ठाविसाव्या दिवशी मोजलंत तर अर्क न दिलेला गटही बरा झालेला दिसेल, फरक शून्य येईल आणि दोष बिचाऱ्या अर्काला लागेल. चौथा आणि दहावा दिवस धरा, किंवा अर्क इजेच्या आधीपासून सुरू करा. युरेथ्रोलिसिसचा फायदा एवढाच की त्यातला दोष जास्त टिकतो. दीर्घ मुदतीचाच प्रश्न असेल तर ते समर्थन कमिटीपुढं मांडता येतं. तुमचा तसा दिसत नाही.

पशुवैद्य_परभणी

वरचं सगळं ठीक, पण 4 तासांच्या भुलीला हलकं समजू नका. केटामाइन 75 ते 100 मिग्रॅ आणि झायलाझिन 10 मिग्रॅ प्रति किलो पोटातून दिलं की जेमतेम तासभर खोल भूल मिळते. पुढं पायाच्या बोटाला चिमटा काढून बघायचं आणि प्रतिसाद आला की केटामाइनचा एक तृतीयांश डोस द्यायचा. झायलाझिन परत देऊ नका, शरीर थंड पडतं आणि श्वास मंदावतो. केटामाइन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत) आहे, रजिस्टर नीट ठेवा. आयसोफ्लुरेनचं (हुंगवून द्यायच्या भुलीचं) व्हेपोरायझर असेल तर हे सगळं टळतं.

झायलाझिननं लघवी भरपूर तयार होते. फुग्यानं मूत्रनळी दाबलेली, वरून आपण त्वचेखाली सलाईन दिलेलं. पिशवी ताणून ताणून तिचीच इजा होते, आणि ती नंतर फुग्याच्या खात्यावर जमा होते. म्हणून फुगवायच्या आधी पोटावर हलका दाब देऊन पिशवी रिकामी करा, दर तासाला बोटानं चाचपा आणि फुगा काढल्याबरोबर परत रिकामी करा. पिशवी फुगून टणक लागली तर थांबायचं, फुगा सोडायचा.

हीटिंग पॅड 37 अंशांवर, इन्व्हर्टरच्या लायनीवर. मे महिन्यात आपल्याकडं लाइट गेली की एसी बंद पडून खोली तापते, आणि भुलीतलं जनावर पॅडवर थंडही पडतं नि भाजतंही. गुदद्वारात थर्मामीटर हवाच. डोळ्यात मलम. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम 1 मिग्रॅ प्रति किलो त्वचेखाली, फुगा फुगवायच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी परत. पाण्यात कमी असलेल्या मादीला नको, मूत्रपिंड बिघडतं. तुमचा अर्क दाह कमी करणारा असेल तर मेलॉक्सिकॅम सगळ्या गटांना सारखं द्या आणि तसं लिहा.

डोळ्याभोवती लाल स्राव, पाठ वाकलेली, 12 तास लघवी नाही किंवा वजन 20 टक्क्यांनी उतरलं, तर ती मादी प्रयोगातून बाहेर. हे निकष फॉर्ममध्ये आधीच लिहा.

जाता जाता एक. इजा अजिबात न करता अभ्यासायचा असेल तर नैसर्गिक रुग्ण आहेतच. नसबंदी केलेल्या कुत्र्यांच्या माद्यांत, मोठ्या जातींत जास्त, मूत्रनळीचा झडपेसारखा स्नायू सैल पडून लघवी गळते; फेनिलप्रोपॅनोलामाइन या औषधानं बऱ्याच जणी सुधारतात. मालकाच्या लेखी संमतीनं, उपचाराचा भाग म्हणून नोंदी ठेवता येतात. पण ती गळती मुख्यतः झोपेत, आडवं पडल्यावर होते, खोकल्यानं नव्हे. आणि कुत्र्यावर प्रयोग करायचा तर प्रस्ताव संस्थेच्या कमिटीवर न थांबता सीसीएसईएकडं, म्हणजे प्राणी-प्रयोगांवरच्या केंद्राच्या समितीकडं जातो. एम.फार्म.च्या मुदतीत बसणार नाही.

गोदाकाठ

खूप आभार, सर. मोजण्याचं तेवढं सांगा. मूत्रनळीतून बारीक कॅथेटर घालून दाब मोजला तर पोट उघडायचंच टळेल ना?

मूत्रदाब

टळेल, पण ज्या नळीचा विरोध मोजायचाय तिच्यातच तुम्ही बूच बसवताय. पीई-10 ची (पॉलिथिनची अगदी बारीक) नळीसुद्धा 0.61 मिमी जाड असते. गळती तिच्या कडेनं होणार, आकडा विश्वासाचा राहत नाही. एकाच मादीची आधी-नंतर ढोबळ तुलना एवढंच त्याचं काम. घालायचीच तर लक्षात ठेवा, रॅटच्या मादीत मूत्रद्वार योनीच्या वर वेगळ्या उंचवट्यावर असतं आणि नळी जघनास्थीखाली वळते. लिग्नोकेन जेली लावून आधी उभी, मग आडवी करत सारायची. जोर लावला तर भोक पडतं.

तुमच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे इजेच्या वेळी पोटाला हात लावायचा नाही. मोजमाप शेवटच्या दिवशी, युरेथेनच्या भुलीत, 1.2 ग्रॅम प्रति किलो. त्याच भुलीत पोटावर छोटा छेद घेऊन पिशवीच्या माथ्यात पीई-50 (त्याहून जाड नळी) बसवा. मोजून झालं की त्याच भुलीत प्राणी संपवायचा, तो शुद्धीवर येतच नाही. दोन दिवस आधी कॅथेटर बसवायची रूढ पद्धत पिशवी निवळावी म्हणून आहे. ताज्या कॅथेटरनं पिशवीची क्षमता थोडी बदलते, पण दाबून गळती बघण्यात प्रश्न मूत्रनळीच्या विरोधाचा असतो, त्यामुळं एवढी तडजोड मला चालण्यासारखी वाटते. सगळ्या गटांत सारखी मात्र करा. युरेथेन कर्करोगकारक आहे, ग्लोव्हज घालून फ्यूम हूडमध्येच तोला. त्यातून जनावर परत उठवायचं नसतं, म्हणून चौथ्या आणि दहाव्या दिवसाच्या माद्या वेगवेगळ्या.

पोटाचा छेद शिवून घ्या. उघड्या पोटात दाब पिशवीपर्यंत नीट पोचत नाही. ट्रान्सड्यूसर पिशवीच्या पातळीत ठेवा आणि 0, 20, 50, 100 सेंमी पाण्याच्या स्तंभावर कॅलिब्रेट करा. रेकॉर्डर मिमी पारा दाखवत असेल तर 1.36 नं गुणा. नळीत बुडबुडा राहिला की शिखर बुटकं येतं, आणि तेच औषधाच्या परिणामासारखं दिसतं.

सलाईनमध्ये थोडं मेथिलीन ब्लू टाकून ताशी 5 मिलि वेगानं भरा. आधी पूर्ण क्षमता बघा, मग त्याच मादीत निम्म्यावर थांबून बोटानं पोट हळूहळू दाबत जा. मूत्रद्वाराशी निळा थेंब दिसला त्या क्षणी बोट सोडा. शिखरातून आधीचा पायाभूत दाब वजा केला की तुमचा आकडा. बोट सोडल्यावर दाब लगेच खाली आला पाहिजे. वर रेंगाळला तर पिशवी स्वतःच आकुंचन पावली, ती लघवी झाली, गळती नव्हे. ते वाचन टाका. प्रत्येक मादीत पिशवी रिकामी करून किमान तीनदा घ्या. दाबणाऱ्याला गट माहीत नसावा, कारण बोटाचा वेग हाच या पद्धतीतला सगळ्यात मोठा घोळ आहे.

बालाघाट_फार्मा

फिल्टर पेपरबद्दल राहिलं. तो जाळीखाली ठेवा, नाहीतर रॅट कुरतडतात. 4 तासांनी वाळवून यूव्ही प्रकाशात फोटो, इमेज-जे या सॉफ्टवेअरवर डागांचं क्षेत्रफळ. आधी त्याच कागदावर ठरावीक लघवीचे थेंब टाकून तक्ता करून घ्या. आपल्या कोरड्या हवेत थेंब पसरायच्या आत वाळतो, त्यामुळं एका हंगामातला तक्ता दुसऱ्यात चालवू नका. मात्र यावरून किती वेळा आणि किती झाली एवढंच कळतं. खोकल्यानं गळणारी लघवी पिंजऱ्यात आरामात बसलेली मादी दाखवणार नाही, शिवाय माद्या खूण म्हणूनही थेंब सोडतात. इजेनंतर लघवी अडली नाही ना हे रोज बघायला पेपर उत्तम. निष्कर्ष त्याच्यावर टांगू नका.

फॉर्म बीमध्ये युरेथ्रोलिसिस का सोडलं, जिच्यानंतर प्राणी शुद्धीवर येतो अशी शस्त्रक्रिया शून्य कशी झाली आणि दोन दिवसांच्या मोजणीमुळं माद्या का वाढल्या, हे तिन्ही लिहा. तिसरं लपवलंत तर तोच फॉर्म परत येईल.