मिंटवरचा फोल्डर विंडोजमधून उघडेना, पासवर्ड बरोबर असूनही

मिरजेची_ताई:
घरच्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली आहे. आईच्या जात्यावरच्या ओव्या नि भजनं मी त्यावर जपून ठेवलीत, 212 फाइली. आई मार्चमध्ये गेली. बहीण रविवारी बंगळुरूला परत जाणार, त्याआधी तिच्या विंडोज 11 च्या लॅपटॉपवर हे सगळं द्यायचंय. पेनड्राइव्ह लावून पाहिला, पण निम्म्या फाइलींना ‘नाव चालत नाही’ म्हणतो. म्हणून फोल्डर शेअर केला. लॅपटॉपवर डेस्कटॉपचा पत्ता \\192.168.1.7 टाकला की नाव-पासवर्ड विचारतो. मिंटमध्ये शिरताना टाकते तोच टाकला, तरी चूक म्हणतो. दोन दिवस हेच चाललंय.

पवन_सातारा:
विंडोजमध्ये एसएमबी 1, म्हणजे फाइली शेअर करायची जुनी पद्धत, चालू करा. माझ्या जुन्या डिस्कचं काम त्यानंच झालं होतं.

जुना_सांबावाला:
ताई, एसएमबी 1 ला हात लावू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्यातल्याच भगदाडातून. आणि इथे दुखणंही ते नाही. पासवर्ड विचारतोय म्हणजे दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलताहेत.

मिंटवर शेअरिंग सांभाळणारा सांबा हा प्रोग्राम पासवर्डांची स्वतःची वेगळी यादी ठेवतो. मिंटचा लॉगिन पासवर्ड त्याला आपोआप कळत नाही. टर्मिनलमध्ये sudo smbpasswd -a ही कमांड द्या, पुढे तुमचं मिंटचं युजरनेम. तो नवा पासवर्ड दोनदा मागेल. लॅपटॉपवर बहिणीचं नाव नाही, तुमचं मिंटचंच नाव आणि हा नवा पासवर्ड टाका.

पेनड्राइव्ह ज्या फाइलींवर अडला, त्यांच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं आहेत का?

मिरजेची_ताई:
उघडलं! आणि हो, आहेत. नावं मी मिंटवर बसून दिली, जिथे आठवली तिथे वेळही लिहिली: ‘ओवी पहाट 05:40’. त्या फाइली लॅपटॉपवर भलत्याच नावानं दिसतात, चारदोन अक्षरं, आकडे आणि मध्ये ~. आवाज मात्र नीट वाजतो.

जुना_सांबावाला:
विंडोजला नावात : चालत नाही, लिनक्सला चालतं. म्हणून सांबा विंडोजपुरतं एक तोडकं नाव पुढे करतो. मूळ फाइल शाबूत आहे. पण आत्ताच कॉपी केलंत तर बहिणीकडे ती तोडकी नावंच जातील, आणि कुठली ओवी कधीची हे तिला कधीच कळणार नाही. आधी मिंटवर नावं बदला. सगळ्या फाइली निवडून एफ2 दाबा, एकदम नावं बदलणारं बल्की उघडेल. त्यात : च्या जागी . घाला.

मिरजेची_ताई:
एका फटक्यात बदलली, ‘ओवी पहाट 05.40’. 212 च्या 212 लॅपटॉपवर गेल्या. बहिणीनं तीच आधी लावली. मध्येच जातं थांबतं आणि आई विचारते, ‘चहा ठेवलास का गं?’ ते मी आजवर नीट ऐकलंच नव्हतं.

फोल्डर शेअरच राहू द्यायचाय, पण लॅपटॉपवरून चुकून काही पुसलं जाऊ नये. काय करू?

जुना_सांबावाला:
शेअरिंगच्या खिडकीत इतरांना फाइली बनवू-पुसू देण्याची खूण असते, ती काढा. आणि ताई, एक प्रत घराबाहेरच्या डिस्कवरही ठेवा, आजच.