वारा निम्मा झाला तर पवनचक्कीची वीजही निम्मीच होते का?

प्रश्न :
साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मी गेल्या वर्षी दोनदा गेलो होतो. जुलैत धड उभे राहवत नव्हते इतका वारा होता आणि पवनचक्क्या जोमाने फिरत होत्या. नोव्हेंबरात वारा अंगाला चांगला जाणवत होता, तरी बहुतेकींची पाती जवळजवळ थांबलेली होती. वारा निम्मा असेल तर वीजही निम्मी मिळायला हवी, हा माझा हिशोब कुठे चुकतो? आणि वादळी वाऱ्यात त्या बंद का ठेवतात?

उत्तर १ :
वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, ही गोष्ट तुमच्या हिशोबातून निसटली आहे. वेग दुप्पट झाला की पात्यांच्या वर्तुळातून दर सेकंदाला दुप्पट हवा जाते आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोत चौपट ऊर्जा असते, म्हणून एकूण शक्ती आठपट होते. उलट, वेग सेकंदाला ८ मीटरवरून ४ मीटरवर आला, तर शक्तीचा आठवा हिस्साच उरतो. साधारण ३ ते ४ मीटरच्या खाली तर यंत्र वीज देतच नाही. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. सुमारे १२ मीटरच्या आसपास जनित्र पूर्ण क्षमतेला पोचते. त्यापुढे आधुनिक यंत्रे पात्यांचा कोन बदलून जादा वारा सोडून देतात, आणि वेग २५ मीटरवर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरवर गेला की मनोरा आणि पाती यांच्या सुरक्षिततेसाठी चक्की थांबवली जाते. इतका वारा वर्षातून मोजकेच तास वाहतो, त्यामुळे त्याच्यासाठी मोठे जनित्र बसवणे परवडत नाही. अर्थात, थांबलेली प्रत्येक चक्की वाऱ्यामुळेच थांबलेली असते असे नाही. दुरुस्तीही चालू असू शकते.

उत्तर २ :
या घनामुळेच वाऱ्याचा नुसता सरासरी वेग पाहून जागा निवडणे मला धोक्याचे वाटते. एका जागी वारा सतत ६ मीटरने वाहतो आणि दुसरीकडे निम्मा वेळ ३, निम्मा वेळ ९ मीटरने, असे समजा. सरासरी दोन्हीकडे सारखीच. पण पहिल्या जागी घन २१६ येतो, तर दुसरीकडे २७ आणि ७२९ यांची सरासरी ३७८ येते, म्हणजे पावणेदोन पट. आपल्याकडची बरीचशी पवनऊर्जा जून ते सप्टेंबरमधील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतून मिळते, त्यामागेही हेच गणित आहे.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. पठाराच्या उंचीवर हवा विरळ असते, त्याने तोटा होत नाही का?

उत्तर १ :
होतो, पण थोडा. सुमारे ११०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी असते आणि शक्तीही तेवढीच घटते, कारण घनतेचा संबंध सरळ प्रमाणाचा आहे. वाऱ्याचा वेग अवघा चार टक्क्यांनी वाढला तरी ही तूट भरून निघते, आणि उघड्या पठाराच्या कड्यावर वारा त्याहून कितीतरी जास्त मिळतो.