विट्यात खाली गलाईची भट्टी, वर बिऱ्हाड: पीएम २.५ चा मीटर पुरेसा आहे का?

खानापूरकर:
तळमजल्यावर सोनं-चांदी गाळायची भट्टी, वर घर, घरात ३ वर्षांचं मूल. भट्टी चालू असताना पीएम २.५ चा (हवेतल्या २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा) मीटर घनमीटरला ४५-५० मायक्रोग्रॅम दाखवतो, म्हणजे २४ तासांच्या ६० च्या मर्यादेत. तरी धातूंची काळजी करायची का?

हवातपासणी:
करायलाच हवी, दादा. हा मीटर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून वजनाचा अंदाज देतो. कण चुलीच्या धुराचा की शिशाचा, हे त्याला कळत नाही. भारताच्या २००९ च्या हवेच्या मानकांत शिशाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला फक्त १ मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या ५० मधलं २ टक्के शिसं निघालं तरी ती गाठली. खात्री करायची तर पंपाने हवा फिल्टरवर ओढून घ्यावी लागते. मग फिल्टरवरचे धातू आम्लात उतरवून प्रयोगशाळेत मोजतात.

मूस_आणि_भट्टी:
जुन्या दागिन्यांतल्या केडीएमच्या डाखात (सोन्याचे तुकडे जोडायच्या मिश्रधातूत) कॅडमियम असतं. ते ७६७ अंशांना उकळतं आणि सोनं वितळतं १०६४ ला. म्हणजे मुशीतलं सोनं पातळ होण्याआधीच कॅडमियम हवेत जाऊ लागतं. वाफ थंड होऊन बनणारे कण १ मायक्रॉनहून बारीक, थेट फुप्फुसात खोल उतरणारे. पंखा लावला की तेच जिन्याने वर घरात येतात. भट्टीच्या तोंडाला लागून हूड आणि ओढणारा पंखा बसवा, धुराडं वरच्या खिडक्यांच्या बरंच वर न्या.
एन-९५ मास्क कण अडवतो, पण सोनं शुद्ध करताना निघणारा नायट्रिक आम्लाचा तांबूस धूर अडवत नाही. तो छातीत गेल्यावर आधी बरं वाटतं आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. दम लागला तर सकाळची वाट बघू नका.

बालआरोग्य:
मुलाच्या रक्तातलं शिसं तपासा, रक्त शिरेतून घ्यायला सांगा. बोट टोचून घेतलं तर कातडीवरचं शिसं नमुन्यात मिसळतं आणि आकडा फुगतो. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर स्रोत शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालचा आकडाही निर्धोक नाही, शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. सोबत हिमोग्लोबिनही बघा, कारण लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं.
भट्टीवर बसणाऱ्याचं लघवीतलं कॅडमियम आणि प्रथिनंही तपासा. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथलं निम्मं व्हायलाच १०-३० वर्षं लागतात. बिडी-सिगारेट असेल तर त्यातलंही भर घालतं.

खानापूरकर:
आभार. हूड बसेपर्यंत काय करू?

मूस_आणि_भट्टी:
भट्टीचे कपडे-चपला खालीच ठेवा, कपडे वेगळे धुवा. मुलाला उचलण्याआधी अंघोळ. जिना आणि फरशी कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि डाखाचा माल गाळायचा तेव्हा मूल घरात नको.