मदत हवी आहे: स्पेक्ट्रमची कॅसेट एम्युलेटरमध्ये लोड होत नाही

काकांच्या झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरच्या प्रोग्रामच्या कॅसेटी लॅपटॉपवर डब्ल्यूएव्ही (ऑडिओ फायली) करून घेतल्या, पण फ्यूज एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) गाडी अडते. लोड होताना स्क्रीनच्या बॉर्डरला लाल-निळसर पट्टे येतात, प्रोग्रामचं नावही उमटतं. निळे-पिवळे पट्टे सुरू झाले की मध्येच 'आर टेप लोडिंग एरर, ०:१'. नेटवरच्या टॅप फायली (कॅसेटच्या तयार डिजिटल प्रती) झकास चालतात, म्हणजे एम्युलेटर निर्दोष. हेडर (प्रोग्रामचं नाव वगैरे असलेला सुरुवातीचा भाग) जेमतेम १७ बाइटांचं, म्हणून ते निभावत असावं.

माझा संशय टेपरेकॉर्डरच्या हेडवर (कॅसेट वाचणारा भाग), आवाज दबका येतोय. हेडचा स्क्रू फिरवू, की आधी ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये एकच चॅनल ठेवून आवाज वाढवून बघू? आणि नाशकात हेड अलाइन करून देणारं कुणी उरलंय का? एम. जी. रोडला विचारलं, तर मोबाइलवाले माझ्याच तोंडाकडे बघत बसले!