अंतराळात पोटऱ्याच का बारीक होतात, हात का नाही?

फोंड्याची_टीचर
नमस्कार मंडळी, मी नववीला विज्ञान शिकवते. अंतराळवीर शुभांशू शुक्ला जुलै २०२५ मध्ये परत आले तेव्हाचा व्हिडिओ वर्गात दाखवला, वीसच दिवस वर होते तरी यानातून बाहेर येताना आधार द्यावा लागला. एक मुलगा म्हणाला, टीचर, तिथं वजनच लागत नाही मग पाय दमले कशाने? मी सांगितलं की स्नायू कमी होतात, पण नीट समजावता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय. आणि सगळे पोटऱ्यांबद्दलच का बोलतात?

म्हापशाचा_फिजिओ
टीचर, पोराने बरोबर जागी बोट ठेवलंय, वजन लागत नाही म्हणूनच तर हे होतं. आत्ता उभ्या राहा आणि वाकून एक हात पोटरीवर ठेवा, किंवा दुसऱ्या कुणाला ठेवायला सांगा. शरीर जरासं पुढे झुकलं की आतलं मांस घट्ट होतं, मागे आलं की सैल पडतं. तो सोलियस, वरच्या फुगीर स्नायूच्या खाली चपटा असतो, आपण बाजारात रांगेत उभे असलो तरी त्याचं काम चालूच. त्यात बहुतेक तंतू टाइप १ म्हणजे स्लो जातीचे, ताकद बेताची पण तासन्‌तास न थकणारे. वर गेलं की हे काम एकदम बंद, मग तंतूत नवीन प्रोटीन कमी बनायला लागतं आणि एकेक तंतू बारीक होतो, आणि काही स्लो तंतू फास्टकडे झुकतात म्हणजे लवकर दमणारे होतात. हात इथंही शरीराचं वजन पेलत नाहीत, आणि वर तर हातांनीच ओढत फिरायचं असतं, म्हणून त्यांचं नुकसान कमी.
माझ्याकडे प्लास्टर काढून येणाऱ्यांची पोटरी बघा, दीड महिन्यात टेप लावून फरक दिसतो, तेच हे.

डिचोलीकर
पण ते लोक रोज दोन तास व्यायाम करतात ना? तरी होतं?

म्हापशाचा_फिजिओ
होतं. अंतराळ स्टेशनवर सहा महिने राहिलेल्यांचा अभ्यास २००९ मध्ये आला होता, व्यायाम करूनही पोटरीचं आकारमान सरासरी १३ टक्के घटलं आणि ताकदीचा जोर ३२ टक्के. आकारापेक्षा जोर जास्त गेला, हे मुलांना मुद्दाम सांगा, कारण टेपने मोजलं की अर्धंच कळतं. तेव्हाच्या व्यायामाच्या मशीनवर जोर कमी लावता यायचा, २००८ च्या शेवटी एआरईडी नावाचं नवं मशीन गेलं, त्यात व्हॅक्यूम सिलिंडरने २७० किलोपर्यंत जोर लावता येतो, स्क्वॉट, डेडलिफ्ट सगळं. त्यानंतर फरक पडला, पण पूर्ण थांबलं नाही.

मिरामार_स्विमर
पाण्यात तरंगलं की तसंच होत असेल काय? मी रोज तासभर पोहतो.

म्हापशाचा_फिजिओ
नाही रे, तासभराने काही होत नाही, बाहेर आलास की परत उभा राहतोसच. शिवाय पाणी ढकलायला जोर लागतोच. त्यापेक्षा जवळचं म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस. संशोधक मुद्दाम लोकांना डोकं ६ अंश खाली करून आठवडे-आठवडे झोपवतात, पृथ्वीवर बसून हेच अभ्यासायला.

फोंड्याची_टीचर
फार फार आभार. शुक्लांनी वर स्नायूंच्या पेशींवर प्रयोग केला होता, मायोजेनेसिस म्हणजे स्नायू तयार होण्यावरचा, तो आता मुलांना नीट सांगता येईल. आज सगळ्यांना उभं केलं, शेजाऱ्याच्या पोटरीला हात लावायला सांगितला, तो मुलगा ओरडला, टीचर, हलतंय!